जुने पोकेमॉन पत्ते पुन्हा खेळायला काढताय?

आधी रबरबँड काढा. त्याने पत्त्यांच्या कडांना खाचा पडतात आणि त्या पुन्हा भरत नाहीत. पत्ता 63 बाय 88 मिमीचा असतो, त्याला 66 बाय 91चे स्लीव्ह (पत्ता घालायची प्लास्टिकची पाकिटं) घ्या. मऊ पीव्हीसीची पाकिटं टाळा, कालांतराने ती चिकट होऊन पत्ता खराब करतात. चमकी पत्ते दमट हवेत वाकतात. कोकण-मुंबईच्या पावसाळ्यात घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकाच. वाकलेल्या पत्त्यावर इस्त्री मात्र अजिबात फिरवू नका!

जुन्या गठ्ठ्यात नकली पत्ते हमखास निघतात. फिकट किंवा जांभळट पाठ, चुकलेलं स्पेलिंग, पातळ कागद दिसला की बाजूला काढा. स्पर्धेत ते चालत नाहीत.

डेक, म्हणजे खेळायचा गठ्ठा, बरोबर 60 पत्त्यांचा. मूळ एनर्जी (हल्ल्याला लागणारी शक्ती देणारे पत्ते) सोडून एकाच नावाचे जास्तीत जास्त 4. परतलेले खेळाडू सवयीने वीसेक एनर्जी भरतात आणि मग हातात नुसती एनर्जी साचते, डाव अडतो. 10 पुरे, निम्म्याहून अधिक ट्रेनर (मदतीचे पत्ते) ठेवा, त्यातही पत्ते ओढून देणारे आधी.

नियमही बदललेत. पहिली पाळी असलेल्याला त्या पाळीत हल्ला करता येत नाही, सपोर्टरही (ट्रेनरचाच एक प्रकार) खेळता येत नाही. स्टँडर्ड या स्पर्धेच्या प्रकारात पत्ता चालतो का हे त्याच्या खालच्या कोपऱ्यातल्या अक्षरावरून बघतात, 1999चा चारिझार्डचा पत्ता तिथे बसत नाही. घरी दोस्तासोबत तो जरूर खेळा, पण डबल स्लीव्हमध्ये, म्हणजे एकात एक दोन पाकिटांत: आतल्याचं तोंड खाली, बाहेरच्याचं वर.