सिरीयल राउटर (मीटरचा डेटा तारेने घेऊन सिमच्या नेटवरून पाठवणारा डबा) पहिल्यांदा लावताय?
देवगडच्या पंपहाऊसवर चढवण्याआधी सगळं घरी टेबलावर जुळवा. सिम घाला, एपीएन (सिम कंपनीच्या नेटला जोडणारं नाव) भरा. सिग्नलचे दांडे दिसले म्हणजे डेटा सुरू झाला असं नाही. डिफॉल्ट पासवर्ड लगेच बदला.

नवखे अडकतात ते सिरीयल पोर्टवर, म्हणजे मीटरची तार जिथे लागते तिथे. मीटरच्या मेनूत दिसेल तेच राउटरमध्ये भरा, अंदाज नको:
- वेग (बॉड रेट), उदा. ९६००
- डेटा बिट आणि स्टॉप बिट, उदा. ८ आणि १
- पॅरिटी, म्हणजे चूक ओळखायचा जादा बिट (ही हमखास विसरते)

वेग चुकला की अक्षरांचा कचरा येतो. काहीच येत नसेल तर आरएस-४८५च्या (मीटर-राउटरमधल्या दोन तारांच्या जोडणीच्या) ए-बी तारा उलटून बघा. काही कंपन्यांचं ए-बी उलटं असतं! सेटिंग सेव्ह करा, वीज काढून पुन्हा लावा, टिकलंय का बघा.

बाहेरच्या अँटेनाच्या जोडावर रबर टेप गुंडाळाच, खाऱ्या वाऱ्यात जोड गंजून हिरवा पडतो. व्हीपीएनचं (लांबून राउटरशी सुरक्षित जोडणीचं) नंतर बघू.