डोस तोच, मग पहाटे रक्तातली साखर ४५ पर्यंत कशी उतरली?

प्रश्न भुसावळचा: टाइप १ मधुमेह (शरीरात इन्सुलिन जवळजवळ बनतच नाही) असलेला मुलगा, इन्सुलिन नेहमीचंच, तरी पहाटे बेशुद्ध.

डोस तोच असला तरी दिवस तोच नसतो. आदल्या दिवशी केळीच्या बागेत घड वाहिले असतील, तर स्नायू रात्रभर रक्तातली साखर ओढत राहतात, कधी २४ तासांपर्यंत. त्यात आपल्याकडचा मे महिना! उन्हात त्वचेखालचं इन्सुलिन लवकर शोषलं जातं. इंजेक्शन घेऊन जेवण लांबवणं हे नेहमीचं कारण. दारूही (मुलं घरी सांगत नाहीत) यकृताला साखर सोडू देत नाही. वारंवार साखर उतरली की थरथर, घाम ही लक्षणंच जाणवेनाशी होतात. खरा धोका तिथे. बेशुद्ध असताना तोंडात साखरपाणी ओतू नका. ग्लुकागॉन (साखर झटकन वाढवणारं औषध) असेल तर द्या, लगेच १०८ ला फोन करा.