टूल घेण्याआधी रिपोर्ट कोण वाचणार ते ठरवा

तुमची गोरेगावची ८ डेव्हलपरांची टीम शेअर ब्रोकरांसाठी सॉफ्टवेअर बनवते. त्या कोडमधल्या सुरक्षेच्या त्रुटी शोधायला बॉसना विकतचं टूल हवंय, म्हणजे ऑडिटच्या वेळी प्रश्न येणार नाहीत. तुम्हाला वाटतं, ओपन सोर्सवर, म्हणजे कोड खुला असलेल्या फुकट टूल्सवर, भागेल. माझं मत सांगते: सुरुवात ओपन सोर्सनेच करा, पण एका माणसाचे आठवड्यातले चार तास त्याचे रिपोर्ट वाचायला राखून ठेवा. ते तास मिळणार नसतील, तर विकतच्या टूलवरही पैसे घालू नका.

हे मी पोळून शिकले. अंधेरीतल्या आधीच्या कंपनीत आम्ही महागडा स्कॅनर घेतला. पहिल्याच दिवशी साडेतीन हजार सूचना आल्या आणि त्या बघायचं काम कोणाकडेच नव्हतं. दोन महिन्यांत सगळे ते मेल न उघडता डिलीट करू लागले. पेमेंट गेटवेची की (पासवर्डसारखा गुप्त कोड) गिटमध्ये, म्हणजे कोडचे सगळे बदल साठवणाऱ्या सिस्टिममध्ये, गेल्याची सूचना त्याच ढिगाऱ्यात होती. एका इंटर्नने गिटलीक्स हे अशा कीज शोधणारं फुकट टूल चालवलं, अकरा ओळी आल्या, त्या त्याने वाचल्या, तेव्हा कुठे ते कळलं. स्कॅनरने त्याचं काम केलं होतं, आम्ही केलं नव्हतं. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

म्हणून पहिलं गिटलीक्स, तेही रेपोच्या, म्हणजे गिटमधल्या तुमच्या कोडच्या साठ्याच्या, संपूर्ण हिस्टरीवर. की सापडली तर नुसती कमिट (बदलाची नोंद) पुसून चालत नाही, ती की रद्द करून नवी घ्यायची.

मग ट्रिव्ही, हे तुम्ही वापरलेल्या लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड, तपासतं. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या जावा लायब्ररीतल्या मोठ्या त्रुटीचं प्रकरण उद्भवलं, तेव्हा सगळ्यांना एकच प्रश्न पडला होता: हे आपल्याकडे नक्की कुठे कुठे आहे? ज्यांच्याकडे लायब्ररींची यादी तयार होती त्यांचं निभावलं. ट्रिव्ही ती यादी, म्हणजे एसबॉम, फुकट काढून देतं. सेबीच्या ऑगस्ट २०२४ च्या सायबर सुरक्षा चौकटीत एसबॉमची अट आहे, तेव्हा तुमचे ब्रोकर तो मागू शकतात. बॉसना हे जरूर दाखवा.

विकतचं टूल खरं उपयोगी पडतं ते कोड तपासताना. सेमग्रेप या कोड तपासणाऱ्या टूलची फुकट आवृत्ती एका फाइलपुरतं बघते. युजरने भरलेली माहिती एका फाइलमध्ये घेतली आणि तिसऱ्या फाइलमध्ये थेट एसक्यूएल क्वेरीत (डेटाबेसला दिलेल्या आज्ञेत) घातली, ज्यातून हल्लेखोर आत शिरू शकतो, तर ती वाट तिला दिसत नाही. तुमचा कोड असा पसरलेला असेल, तर इथे पैसे द्यावेत.

ओपन सोर्स कायम तसंच राहील असंही धरून चालू नका. नेसस या स्कॅनरचा कोड २००५ मध्ये बंदिस्त झाला आणि त्याच्या जुन्या खुल्या कोडमधून ओपनव्हास निघालं. सेमग्रेपने डिसेंबर २०२४ मध्ये आपल्या तपासणीच्या नियमांचं लायसन्स बदललं, तर जानेवारी २०२५ मध्ये त्याच्याच कोडमधून ओपनग्रेप हे वेगळं टूल आलं. तुम्ही लिहिलेले नियम स्वतःच्या रेपोत ठेवा. विकतच्या टूलचे दर बहुधा डेव्हलपरमागे असतात, तेव्हा ८ चे २० झाल्यावर किती पडतील ते आत्ताच लेखी घ्या.

ट्रायलला सेल्सवाल्यांचा डेमो प्रोजेक्ट अजिबात नको. तुमच्याच कोडमधले, दुरुस्त केलेले पाच जुने बग वेगळ्या ब्रँचवर (कोडच्या वेगळ्या प्रतीत) परत घाला आणि दोन्ही टूल्स त्यावर चालवा. विकतच्याला त्यातले किती जास्त सापडले आणि खोट्या सूचना किती आल्या, ते आकडे बॉससमोर ठेवा.