टगचा दोर तुटत नाही का?

प्रश्न: कात्रजच्या घाटात आमची गाडी बंद पडली. एका टेम्पोवाल्याने दोर बांधून ओढायला घेतली, तर तिसऱ्याच हिसक्याला दोर तुटला. मुलगा विचारतो, नौदलाची टग अख्खं जहाज ओढते, तिचा दोर कसा तुटत नाही? आणि टग तर बंदरातच असते ना? – एक वाचक, बिबवेवाडी

उत्तर: तुटतो हो ताई, चांगला तुटतो. नौदलात चार वर्षं मी टगच्या मागच्या डेकवर काढली. वारज्यात शेजारी विचारतात, ‘युद्धनौकेवर होतात का?’ टग म्हटलं की चेहरे पडतात.

बंदरातली टग वेगळी आणि समुद्रावर जाणारी वेगळी. आपल्या नौदलात ‘गज’ आणि ‘मातंगा’ अशी नावं दिली. दोन्हींचा अर्थ हत्ती. काम बंद पडलेलं किंवा मार खाल्लेलं जहाज घरी आणण्याचं. ऑक्टोबर 1944 मध्ये तैवानजवळ अमेरिकेची ‘पॉनी’ ही टग ‘ह्यूस्टन’ ही क्रूझर, म्हणजे मोठी युद्धनौका, ओढत असताना त्या क्रूझरला दुसरा टॉर्पेडो बसला. पॉनीची लांबी जेमतेम 62 मीटर, ह्यूस्टन दहा हजार टनांची. तरी ह्यूस्टन बुडाली नाही, पॅसिफिकमधल्या उलिथी बेटांवरच्या अमेरिकी तळाला पोचली.

आता दोर. भर समुद्रात आम्ही लहान मुलाच्या मनगटाएवढी जाड पोलादी वायर पाचशे-सहाशे मीटर सोडायचो. ती ताठ नसते. स्वतःच्या वजनाने मधे पाण्यात खोल झोळ घेते. लाटेने मागचं जहाज मागे खेचलं की आधी तो झोळ वर येतो आणि हिसका तिथेच जिरतो. वायर पाण्याबाहेर सरळ दिसू लागली की आमच्या पोटात गोळा यायचा. लगेच वेग कमी, किंवा आणखी वायर सोडायची. शिवाय दर पहाऱ्याला हातभर वायर पुढे सरकवायची, म्हणजे कठड्यावर एकच जागा घासत नाही. ग्रीसचा वास जेवताना पोळीलाही यायचा.

एकदा बंदराच्या तोंडाशी नायलॉनचा दोर तुटला. आवाज बंदुकीसारखा, आणि समोरच्या लोखंडी खुंटाचा रंग खरवडून निघाला. क्षणभर आधी मी तिथेच होतो. पेटी ऑफिसरने आईवरून शिवी देऊन हाकललं म्हणून हे उत्तर लिहितोय.

रात्री एकावर एक तीन पांढरे दिवे पुढच्या बोटीवर दिसले, तर तिच्यामागे दोनशे मीटरहून लांब ओढ आहे समजा. नाखवे हे जाणतात, तरी एखादा मधूनच घुसतो.

तुमच्या टेम्पोवाल्याकडे झोळच नव्हता. दोर हलका, त्यात रस्ता कोरडा. दोर लांब करून बघू नका, घाटाच्या उतारावर मागची गाडी पुढच्यावर येईल. क्रेनवाल्याला फोन करा.