आधी कधीच कर्ज घेतलेलं नाही, तर पहिलं क्रेडिट कार्ड कसं मिळेल?

भाऊ, तुमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, उत्पन्न वावराचं, पगाराची स्लिप नाही आणि बँकेने 'सिबिल नाही' म्हणून अर्ज परत केला, असं तुम्ही लिहिलंय. सिबिल म्हणजे कर्ज-परतफेडीच्या नोंदीवरून मिळणारा स्कोअर. सिबिल नसणं म्हणजे सिबिल खराब असणं नव्हे. स्कोअर ३०० ते ९०० मध्ये असतो. ज्याचा व्यवहारच नोंदलेला नाही, त्याला आकडाच मिळत नाही.

सरळ रस्ता म्हणजे एफडीवरचं, म्हणजे मुदत ठेव तारण ठेवून मिळणारं कार्ड. कापसाचा चुकारा आला की त्यातले पंधरा-वीस हजार एफडीत टाका आणि त्यावर कार्ड मागा. खर्चाची मर्यादा एफडीपेक्षा थोडी कमी मिळते, एफडीवरचं व्याज चालूच राहतं, उत्पन्नाचा पुरावा सहसा मागत नाहीत. कार्ड रुपे असेल तर यूपीआयला जोडून कृषी केंद्रातल्या क्यूआरवरही चालतं.

खरी अडचण पुढे आहे. आपला पैसा हंगामाला येतो, कार्डाचं बिल दर महिन्याला. म्हणून खात्यात आधीच पडून असलेल्या पैशाइतकंच कार्डावर खर्च करा, आणि 'किमान रक्कम' नव्हे, पूर्ण बिल भरा. उरलेल्या रकमेवर महिन्याला साधारण साडेतीन टक्के व्याज लागतं, पीककर्जाच्या कितीतरी पट. एटीएममधून कार्डाने रोख तर काढूच नका, व्याज त्याच दिवसापासून सुरू होतं.

नावावर जुनं पीककर्ज थकलंय का, तेही बघून घ्या. वर्षातून एकदा सिबिलचा रिपोर्ट फुकट मिळतो.