संक्षेपाआधी 'अ' की 'अ‍ॅन'? अक्षराचं नाव देवनागरीत लिहून बघा

तुम्ही विचारलंय की एमएलए, एनओसी, युनेस्को अशा संक्षेपांआधी इंग्रजीत 'अ' लावायचा की 'अ‍ॅन', आणि एकाच संक्षेपाचे दोन उच्चार होत असतील तर काय करायचं.

याच एनओसीपायी मी ऑफिसात बोलणी खाल्ली आहेत. गोव्यातल्या फोंड्यात एका खाजगी ऑफिसात नवीन लागलो होतो. पंचायतीला पत्र जायचं होतं, त्यात मी 'अ‍ॅन एनओसी' लिहिलं. साहेबांनी लाल पेनाने 'अ‍ॅन' खोडला. म्हणाले, एन हे व्यंजन, त्याला 'अ' पाहिजे. दुसरं पत्र बिघडलेल्या यूपीएसचं होतं. तिथे माझा 'अ' खोडून त्यांनी 'अ‍ॅन' घातला, कारण यू हा स्वर. मी म्हटलं, सर, एकदा मोठ्याने वाचून बघा. तर सगळ्यांसमोर म्हणतात, "मराठी शाळेचो मरे तूं!" दोन्ही पत्रं त्यांच्या चुकांसकट परत टाईप करून दिली.

हो, मराठी शाळेचाच. गावात चौथीपर्यंत मराठी आणि पाचवीत हायस्कुलात गेल्यावर सगळं इंग्रजी, असेच आम्ही शिकलो. आमच्या बाई प्रत्येक इंग्रजी अक्षराखाली त्याचं नाव देवनागरीत लिहून घेत. तुमचं उत्तर त्या वहीतच आहे. ए, ई, एफ, एच, आय, एल, एम, एन, ओ, आर, एस, एक्स ही १२ नावं स्वराने सुरू होतात, त्यांच्याआधी 'अ‍ॅन'. उरलेल्या १४ अक्षरांआधी 'अ'. यू या १४ त येतो, कारण त्याच्या नावात पहिला य आहे. म्हणून अ‍ॅन एमएलए, अ‍ॅन एफआयआर, अ‍ॅन आरटीआय अर्ज. पण अ केटीसी बस (गोव्याची सरकारी कदंब बस), अ यूपीएस. ज्यांनी 'ए ई आय ओ यू' घोकून स्वर पाठ केले तेच इथे चुकतात, कारण ते अक्षर बघतात, आवाज ऐकत नाहीत. आपल्या लिपीत तो आवाज लिहिलेलाच असतो. मराठी शाळेला नावं ठेवणाऱ्यांनी एकदा एबीसीडी देवनागरीत लिहून काढावी.

तुमचे साहेबही असं काही खोडत असतील तर मुकाट्याने परत टाईप करू नका. वाक्य त्यांच्याकडूनच मोठ्याने वाचून घ्या. 'अ एनओसी' म्हणताना जीभ अडखळते, ते त्यांनाच कळेल. मी तेव्हा गप्प बसलो, ते चुकलं.

एक सांगायचं राहिलं. अक्षरं सुटी न म्हणता सगळा संक्षेप एका शब्दासारखा वाचत असाल तर त्या शब्दाचा पहिला आवाज बघायचा. सुटा एन 'अ‍ॅन' मागतो, पण नासा आणि नाबार्ड यांना 'अ'. युनेस्कोलाही 'अ', परत तोच य. इफ्फी, म्हणजे गोव्यातला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, मात्र शब्द म्हणून वाचा की सुटी अक्षरं, दोन्हीकडे स्वरच, त्यामुळे डेलिगेट कार्डाच्या आधी 'अ‍ॅन इफ्फी' बिनधास्त लिहा. दोन उच्चार असतील तर आपण बोलतो तसं लिहावं आणि पूर्ण पत्रात तेच ठेवावं.

आमचे साहेब एचला 'हेच' म्हणत. तसं म्हणणारे गोव्यात पुष्कळ आहेत. त्यांनी बारावीच्या सर्टिफिकेटाला 'अ एचएसएससी सर्टिफिकेट' लिहिलं असतं, तर त्यांच्या उच्चाराप्रमाणे ते बरोबर म्हणून मी मान्य केलं असतं. एनओसी आणि यूपीएसचं आजही मान्य नाही.