अठरा महिने कोणत्या दिवसापासून मोजायचे?

वडिलांच्या नावावरचे पेटंट, मुलाच्या हाती आलेला कारखाना आणि या दोहोंना जोडणारा एकही लेखी कागद नाही, अशा आशयाची पत्रे माझ्याकडे नेहमी येतात. आपले पत्र त्याच प्रकारचे आहे. मात्र त्यात एक तारीख अशी आहे की उत्तर पुढच्या खेपेला देतो असे म्हणण्याची सोय नाही.

आपण कळवलेली हकीकत थोडक्यात अशी. आपले वडील शीतकरण यंत्रांचे संशोधक आणि उत्पादक होते आणि दोन भारतीय पेटंटे त्यांच्या व्यक्तिगत नावावर होती. पहिले ११ जानेवारी २०११ च्या अर्जावरचे, दूध थंड करण्याच्या टाकीसंबंधीचे. त्याचे नूतनीकरण शुल्क जानेवारी २०२३ मध्ये भरायचे राहून गेले. दुसरे २० नोव्हेंबर २०१६ च्या अर्जावरचे, २०२१ मध्ये मंजूर झालेले. कोल्ड रूममधील कॉइलवर साचलेला बर्फ कॉम्प्रेसरच्या गरम वायूने वितळवताना खोलीचे तापमान फारसे चढू न देणारी झडपांची रचना हा त्याचा विषय. वडील ऑक्टोबर २०२४ मध्ये गेले आणि पुढच्याच महिन्यात भरायचे शुल्क कोणीच भरले नाही. दोन्ही पेटंटे संपुष्टात आल्याची नोंद आपण ऑगस्ट २०२५ मध्ये पाहिली. एका सल्लागाराने दुसऱ्या पेटंटासाठी नोव्हेंबर २०२६ पर्यंत सवड असल्याचे सांगितले, म्हणून आपण थांबलात. मधल्या काळात एका स्पर्धकाने तशीच रचना बाजारात आणल्यावर आपण कंपनीच्या लेटरहेडवर त्याला नोटीस पाठवली आणि आता त्याच्या वकिलाने पेटंट चालू असल्याचा पुरावा मागितला आहे.

सल्लागाराने सांगितलेली मुदत चुकीची आहे आणि आपले सारे प्रकरण त्या एका चुकीवर उभे आहे. पेटंट अधिनियम, १९७० च्या कलम ६० प्रमाणे संपुष्टात आलेले पेटंट पुनर्स्थापित करण्याचा अर्ज, ते ज्या दिवशी संपुष्टात आले त्या दिवसापासून अठरा महिन्यांच्या आत करावा लागतो. शुल्क भरण्यासाठी विलंब शुल्कासह सहा महिन्यांची वाढीव मुदत मिळते हे खरे. परंतु त्या सहा महिन्यांतही शुल्क भरले गेले नाही, तर कलम ५३ च्या शब्दरचनेप्रमाणे पेटंट संपते ते शुल्काची मूळ मुदत संपली त्या दिवशी, वाढीव मुदत संपली त्या दिवशी नव्हे. आपल्या दुसऱ्या पेटंटाचे आठवे वर्ष २० नोव्हेंबर २०२४ रोजी पुरे झाले आणि नवव्या वर्षाचे शुल्क भरण्याची मूळ मुदतही तेव्हाच संपली. अठरा महिने तेथून मोजायचे, म्हणजे शेवटची तारीख २० मे २०२६ येते. सल्लागाराने ते मे २०२५ पासून मोजले आणि आपल्याला सहा महिने बक्षीस दिले, जे देण्याचा अधिकार त्याला नव्हता. ही अठरा महिन्यांची मुदत अधिनियमात घातलेली आहे; नियमांखाली मुदतवाढ देण्याचे नियंत्रकाचे, म्हणजे पेटंट कार्यालयात निर्णय देणाऱ्या अधिकाऱ्याचे, जे अधिकार आहेत, त्यांच्या भरवशावर ती ओलांडण्याचा विचारही करू नये. आपले पत्र फेब्रुवारीअखेरचे आहे, तेव्हा हातात पुरते तीन महिनेही नाहीत असे समजा आणि त्यांपैकी पहिल्याच महिन्यात अर्ज दाखल करा.

पहिल्या पेटंटाबद्दल आपण दीड पान लिहिले आहे. माझे उत्तर एका वाक्याचे आहे. त्याच्या पुनर्स्थापनेची मुदत जुलै २०२४ मध्ये, वडील हयात असतानाच संपली आणि ते आता परत येणार नाही. त्यातील टाकी आज कोणीही बनवू शकतो, आपली कंपनीही.

आता अर्ज कोणी करायचा? आपण सर्वत्र 'आमच्या कंपनीचे पेटंट' असे लिहिले आहे आणि पुरावा म्हणून ताळेबंदातील नोंद, माहितीपत्रक व यंत्रांवरील पट्टी यांचा उल्लेख केला आहे. यांतील एकही गोष्ट मालकी देत नाही. कलम ६८ प्रमाणे पेटंटाचे हस्तांतरण किंवा परवाना लेखी दस्तऐवजाने, सर्व अटी-शर्तींसह आणि रीतसर सह्या करूनच होतो. वडील कंपनीचे संचालक होते म्हणून त्यांचे पेटंट आपोआप कंपनीकडे जात नाही. शीतकरणाच्याच इतिहासातील उदाहरण द्यायचे तर आइनस्टाइन आणि सिलार्ड यांच्या फ्रीजचे घ्या. १९३० साली मंजूर झालेल्या त्यांच्या अमेरिकन पेटंटावर संशोधक म्हणून त्या दोघांची नावे आहेत, पण ते त्यांनी एका फ्रीज बनवणाऱ्या कंपनीला हस्तांतरित केल्याचेही त्याच कागदावर छापलेले आहे. संशोधक कोण आणि मालक कोण हे पेटंट कार्यालयाच्या नोंदवहीत दोन वेगळे प्रश्न असतात. आपल्या नोंदवहीत दोन्ही ठिकाणी वडिलांचेच नाव असल्याने पुनर्स्थापनेचा अर्ज कंपनीच्या नावाने केला, तर तो पहिल्याच सुनावणीत अडखळेल. कलम ६० हा अर्ज पेटंटधारकाला किंवा त्याच्या कायदेशीर प्रतिनिधीला करू देते. म्हणजे आपल्या बाबतीत वारसांना.

वारसांमध्ये आपली बहीणही येते. 'ती लग्न होऊन गेली, तिचा व्यवसायाशी संबंध नाही' हे आपले वाक्य मी दोनदा वाचले. व्यवसायाशी नसेल, वडिलांच्या मिळकतीशी आहे, आणि पेटंट ही मिळकत आहे. वडिलांनी मृत्युपत्र केलेले नसल्याचे आपण म्हणता, तेव्हा आपल्या कुटुंबाला लागू असलेल्या वारसा कायद्याप्रमाणे आई, आपण आणि बहीण यांचे हिस्से काय ठरतात ते स्थानिक वकिलाकडून पाहून घ्या. लग्नामुळे तिचा हिस्सा संपत नाही, एवढे मात्र आत्ताच लक्षात ठेवा. तिघांनी मिळून अर्ज करणे हा सर्वांत सुरक्षित मार्ग आहे. सहधारकांपैकी एखाद्याला इतरांना सामील न करता, नियंत्रकाच्या परवानगीने अर्ज करण्याची तरतूद आहे, पण ज्या घरात बोलणे चालू आहे तेथे त्या तरतुदीचा आधार घेऊन नवा वाद कशाला ओढवून घ्यायचा? पुढे कंपनीला लेखी परवाना द्यायचा झाला तरी कलम ५० प्रमाणे सर्व सहधारकांची संमती लागणारच आहे.

येथे बहुतेक जण आणखी एक चूक करतात. आधी न्यायालयातून वारस दाखला काढू आणि मग पेटंट कार्यालयात जाऊ, असा क्रम ते ठरवतात. कागदावर हा क्रम शहाणपणाचा दिसतो. प्रत्यक्षात जाहीर नोटीस, हरकतीची मुदत, न्यायाधीशांची बदली, वकिलांची गैरहजेरी आणि 'पुढील तारीख' या सगळ्यातून तो दाखला हाती कधी पडेल हे कोणीही सांगू शकत नाही, आणि दिवाणी न्यायालयाच्या संथपणाची दखल घेऊन २० मे पुढे सरकत नाही. म्हणून फॉर्म १५ वरील पुनर्स्थापनेचा अर्ज मृत्यू दाखला, तिघांची प्रतिज्ञापत्रे आणि परस्परांची ना हरकत जोडून मुदतीत दाखल करा. वारस म्हणून नोंदवहीत नावे लावण्याचा फॉर्म १६ त्याच वेळी द्या. आणि वारस दाखल्याची कार्यवाही समांतर सुरू ठेवून तसे अर्जात नमूद करा. केवळ प्रतिज्ञापत्रांवर नियंत्रकाचे समाधान होईलच असे मी म्हणत नाही. ते दाखला मागू शकतात आणि त्यासाठी वेळ द्यायचा की नाही हे त्यांच्या हाती असेल. परंतु मुदतीत दाखल झालेल्या अर्जातील कागदाची उणीव पुढे भरून काढता येते, मुदतीनंतरच्या अर्जाला सगळे कागद जोडूनही उपयोग नसतो.

मुदत पाळली म्हणजे पेटंट परत मिळाले असेही नाही. कलम ६१ प्रमाणे दोन गोष्टींबद्दल नियंत्रकाची खात्री पटवावी लागते: शुल्क न भरणे हेतुपुरस्सर नव्हते आणि अर्ज करण्यात अवाजवी विलंब झाला नाही. पहिल्या मुद्द्यावर वडिलांचे आजारपण, रुग्णालयाची कागदपत्रे आणि सूचना जुन्या एजंटच्या पत्त्यावर जात होत्या हे दाखवणारा पत्रव्यवहार उपयोगी पडेल. पण आपल्या पत्राच्या शेवटून तिसऱ्या परिच्छेदात, जणू विशेष काही नाही अशा सुरात, आपण लिहिले आहे की नोव्हेंबर २०२४ मध्ये हिशेबनिसाने ई-मेलवर 'पेटंटची फी भरायची का' असे विचारले होते आणि आपण 'नंतर बघू' असे उत्तर दिले होते. आपल्या सबंध कागदपत्रांत याहून अवघड कागद नाही. नवव्या वर्षाचे शुल्क व्यक्तीच्या नावावरील पेटंटासाठी २,४०० रुपये आहे. एवढ्या रकमेसाठी विचारलेल्या प्रश्नाला त्याच दिवशी 'भरा' असे उत्तर गेले असते, तर आज हा सल्ला लागला नसता. तो ई-मेल दडवू नका. प्रतिज्ञापत्रात तो आपणहून सांगा आणि वडिलांच्या निधनानंतरच्या आठवड्यांत, पेटंट सोडून देण्याचा निर्णय न घेता, केवळ पुढे ढकलण्यासाठी ते उत्तर दिले होते, हे खरे असेल तर तसे मांडा. माझ्या मते हा बचाव टिकण्यासारखा आहे. परंतु यंत्राला मागणी नसल्यामुळे खर्च वाचवायचा ठरला होता, असा दुसरा कागद कोठे निघाला तर तो टिकणार नाही.

दुसरा मुद्दा विलंबाचा. ऑगस्टमध्ये नोंद पाहिल्यापासून फेब्रुवारीपर्यंतच्या सहा महिन्यांचा हिशेब आपल्याला द्यावा लागेल. सल्लागाराने चुकीची मुदत सांगितली, हे कारण त्याच्या लेखी सल्ल्यासह मांडा. सल्ला तोंडी असेल तर ते काहीसे लंगडे पडेल. एजंटच्या हलगर्जीपणाचा भुर्दंड पक्षकारावर पडू नये असा कल उच्च न्यायालयांनी काही प्रकरणांत दाखवला आहे, पण ती बहुधा मंजुरीपूर्व अर्ज सोडून दिल्याचे मानले गेल्याची प्रकरणे आहेत. ती आपल्याला जशीच्या तशी लागू होतील अशी खात्री मी देणार नाही. प्रथमदर्शनी प्रकरण उभे राहिले, तर अर्ज पेटंट कार्यालयाच्या शुक्रवारच्या नियतकालिकात प्रसिद्ध होतो आणि त्यावर दोन महिन्यांत विरोध नोंदवता येतो. आपला स्पर्धक तो नोंदवील असे गृहीत धरूनच प्रतिज्ञापत्र लिहा. अर्ज मंजूर झाल्यास थकलेल्या शुल्कासोबत जादा शुल्कही भरावे लागेल, आणि मध्यंतरी नोव्हेंबर २०२५ मध्ये देय झालेले दहाव्या वर्षाचे शुल्क विसरू नका.

स्पर्धकाकडून मागील वर्षाची भरपाई मिळेल का, असे आपण विचारता. कलम ६२ प्रमाणे पेटंट संपुष्टात आल्याच्या तारखेपासून पुनर्स्थापनेचा अर्ज प्रसिद्ध होईपर्यंतच्या काळात झालेल्या उल्लंघनाबद्दल दावाच लावता येत नाही. त्या काळात ज्याने ही रचना वापरण्यास सुरुवात केली किंवा त्यासाठी करारासारखी निश्चित पावले टाकली, त्याच्या संरक्षणासाठी नियंत्रक अटीही घालू शकतात. म्हणजे स्पर्धकाची आतापर्यंतची विक्री आपल्या हातून गेलेलीच आहे आणि अर्ज जितका लांबेल तितकी पुढचीही जाईल. भविष्यातील विक्रीबद्दल सांगायचे तर गरम वायूने बर्फ वितळवणे ही कल्पना शीतकरणाच्या धंद्यात फार जुनी आहे. वडिलांच्या पेटंटाने संरक्षण दिले ते झडपांच्या विशिष्ट जुळणीला आणि तेही क्लेम्समध्ये, म्हणजे पेटंटाच्या संरक्षणाची हद्द ठरवणाऱ्या त्यातील कलमांमध्ये, ज्या शब्दांत लिहिले आहे तेवढ्यालाच. स्पर्धकाचे यंत्र बाहेरून तसेच दिसते, याला काही अर्थ नाही. त्याची जुळणी क्लेम्सशी एकेक घटक घेऊन ताडून पाहणारा तांत्रिक अहवाल हाती येईपर्यंत मी यावर मत देणार नाही.

राहिली ती आपण पाठवलेली नोटीस. जे पेटंट त्या दिवशी अस्तित्वात नव्हते, त्याच्या आधारे, जी कंपनी त्याची मालक कधीच नव्हती तिच्या लेटरहेडवर आपण धमकी दिलीत. निराधार धमकीबद्दल घोषणा, मनाई आणि नुकसानभरपाई मागण्याचा हक्क कलम १०६ स्पर्धकाला देते. यंत्रांवरील 'पेटंटेड' ही पट्टी आजच काढा. चालू नसलेले पेटंट चालू असल्याचे भासवणे कलम १२० खाली दंडनीय आहे आणि २०२३ च्या जन विश्वास अधिनियमातील दुरुस्तीनंतर या दंडाची कमाल मर्यादा १० लाख रुपयांपर्यंत गेली आहे. स्पर्धकाच्या वकिलाला आपल्या वकिलामार्फतच चार ओळींचे उत्तर द्या: आधीची नोटीस कोणताही हक्क न सोडता मागे घेत आहोत आणि पेटंटधारकाचे वारस कायद्याप्रमाणे उपलब्ध उपाय योजत आहेत. पुनर्स्थापनेच्या अर्जाची तारीख, कारणे किंवा आपली मुदतीची गणना त्यात लिहू नका. नोंदवहीतील उताऱ्याची प्रमाणित प्रत मात्र त्याच दिवशी मागवा, कारण वर दिलेल्या सर्व तारखा मी आपल्या पत्रावरून घेतल्या आहेत आणि अर्जाची मूळ तारीख एका दिवसाने जरी वेगळी निघाली, तरी २० मे ही तारीखही त्याप्रमाणे बदलेल.